टेक्नो, हाऊस आणि ॲसिडच्या आधीच्या रेकॉर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काळाच्या आधीची रेकॉर्ड" म्हणजे नेमकं काय?

टेक्नो, हाऊस आणि ॲसिड हे यंत्राच्या ठोक्यावर चालणाऱ्या नाचाच्या संगीताचे प्रकार, आणि त्यांच्या आधीच तसा आवाज असलेल्या रेकॉर्ड्सना हे म्हटलं जातं. या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि बहुतेक वाद त्यांची सरमिसळ केल्यामुळेच होतात. काही रेकॉर्ड्स ऐकूनच पुढच्या लोकांनी नवा प्रकार घडवला. जर्मनीच्या क्राफ्टवर्क या गटाचं संगीत अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या रेडिओवर वाजलं, तिथल्या पोरांनी ते कान देऊन ऐकलं आणि त्यातून टेक्नो आलं. इथे सरळ वंशावळ मांडता येते. दुसऱ्या प्रकारच्या रेकॉर्ड्स मात्र त्या काळात फारशा कोणी ऐकल्याच नाहीत. आल्या, दुकानात पडून राहिल्या आणि पुष्कळ वर्षांनी कुणाच्या तरी हाती लागल्यावर लक्षात आलं की जगभर गाजलेला आवाज इथे आधीच होता. मुंबईत १९८२ साली झालेली वादक चरणजित सिंग यांची रेकॉर्ड या दुसऱ्या प्रकारातली. पहिल्या प्रकाराला पूर्वज म्हणावं. दुसऱ्याला पूर्वज म्हणता येत नाही, पण त्यामुळे तिचं मोल तसूभरही कमी होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग सगळ्यात पहिली कोणती?

अशी एक दाखवता येणार नाही. लंडनच्या होलोवे रोडवरच्या राहत्या जागेतच स्टुडिओ थाटून बसलेल्या जो मीक या निर्मात्याने १९६२ साली 'टेलस्टार' केलं. उपग्रहाच्या नावाचं हे गाणं क्लॅव्हियोलीन नावाच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजलं आणि ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. गर्शन किंग्स्लीचं 'पॉपकॉर्न' १९६९ चं, मात्र ते सगळीकडे पोचलं ते १९७२ मध्ये हॉट बटर या गटाने वाजवल्यावर. दोन्ही गोड आहेत. पण त्यांत नवा आहे तो फक्त वाद्याचा आवाज. गाण्याची बांधणी जुनीच, धून पुढे आणि साथ मागे. सगळा डोलारा यंत्राच्या ठोक्यावर उभा राहिला की नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू होतं, असं मी धरतो, आणि त्या हिशेबाने १९७७ पर्यंत, 'आय फील लव्ह' या गाण्यापर्यंत थांबावं लागतं.

'आय फील लव्ह'चं एवढं कौतुक का?

कारण त्यात बदललेली गोष्ट पायातलीच होती. बॉस्टनची गायिका डोना समर आणि इटलीचा जॉर्जियो मोरोडर व इंग्लंडचा पीट बेलॉट हे निर्माते, असे तिघं तेव्हा म्युनिकमध्ये काम करत होते. १९७७ च्या त्यांच्या अल्बमची कल्पना अशी होती की एकेका गाण्यातून एकेक जुना काळ उभा करायचा आणि शेवटच्या गाण्यात भविष्यकाळ. हे ते शेवटचं गाणं. त्यासाठी वाद्यवृंद बाजूला ठेवला आणि जवळजवळ सगळं एका भल्यामोठ्या मोग सिंथेसायझरवर केलं. हाय-हॅटसारखी (ड्रमसंचातल्या झांजांसारखी) वाजणारी खसखससुद्धा मोगमधूनच काढलेली आहे. फक्त खालचा ढोल कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवला, कारण तेवढा भरदार ठोका मोग देईना.

मोग मोठा लहरी. गरम झाला की सूर सोडायचा, मग थांबायचं, परत सुरात आणायचं, पुढचा तुकडा घ्यायचा. हे सगळे तुकडे एकमेकांवर बिनचूक बसावेत म्हणून रॉबी वेडेल या तंत्रज्ञाने टेपच्या एका ट्रॅकवर आधीच इशाऱ्याचा ठोका नोंदवून ठेवला. नंतरचा प्रत्येक ट्रॅक त्या ठोक्याला बांधला गेला. आज संगणकावर हे आपोआप होतं. तेव्हा ती युक्ती कुणाला तरी सुचावी लागली.

हेडफोन लावून बेस ऐका. मूळ सूर एका कानात आणि त्याचा किंचित उशिरा येणारा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, म्हणून वाजवलेल्यापेक्षा दुप्पट वेगाने बेस धावतोय असं वाटतं. त्यावर डोनाचा आवाज अगदी अलगद, जमिनीला न टेकता तरंगतो. शब्द मोजके. खालचं यंत्र दमत नाही, वरचा माणूस घाई करत नाही. ट्रान्सपासून हाय-एनर्जीपर्यंत नाचाच्या संगीताचं पुढे जे काही आलं त्याची निम्मी शिकवणी या एका गाण्यात आहे. तेव्हा बर्लिनमध्ये गायक डेव्हिड बोवीसोबत काम करणाऱ्या ब्रायन ईनो या संगीतकाराने ही रेकॉर्ड आणून बोवीला ऐकवली आणि भविष्याचा आवाज सापडला असं सांगितलं, ही आठवण खुद्द बोवीनेच पुढे सांगितली आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅट्रिक काउली या संगीतकाराने याच गाण्याचं पंधरा मिनिटांहून मोठं रूप तयार केलं. तेही मिळवून ऐका. हा मनस्वी माणूस १९८२ मध्ये एड्सने गेला, तेव्हा त्या आजाराला नाव मिळून जेमतेम काही महिने झाले होते.

क्राफ्टवर्क तर जर्मनीचे. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांचा त्यांच्याशी संबंध कसा आला?

रेडिओमुळे आणि क्लबमुळे. डेट्रॉईटमध्ये 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने कार्यक्रम करणारा निवेदक होता. तो एकाच रात्री फंक, रॉक आणि क्राफ्टवर्क वाजवायचा, हे अमक्यांचं आणि ते तमक्यांचं अशी वाटणी त्याच्या कार्यक्रमात नव्हती. हुआन ॲटकिन्स ते ऐकत मोठा झाला. १९८१ साली त्याने रिक डेव्हिससोबत सायबोट्रॉन या नावाने 'ॲलीज ऑफ युवर माइंड' काढलं. त्याच वर्षी त्याच शहरातून 'शेअरव्हारी' आलं. टेक्नो हे नाव जगाला कळायला १९८८ मध्ये डेट्रॉईटच्या गाण्यांचा एक ब्रिटिश संग्रह यावा लागला, म्हणजे संगीत आधी आणि नाव सात वर्षांनी.

न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली आफ्रिका बंबाटा या डीजेच्या 'प्लॅनेट रॉक'ने क्राफ्टवर्कच्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची धून घेतली, त्यांच्याच 'नंबर्स'चा ताल घेतला आणि तो रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनवर बसवला. तिथून इलेक्ट्रो, मग मायामी बेस, आणि तिथून ब्राझीलचं बायले फंक अशी साखळी जाते. ज्यांना चार जर्मन लोक बाहुल्यांसारखे उभे राहून बटणं दाबतात एवढंच दिसतं, त्यांनी 'नंबर्स' एकदा मोठ्या आवाजात लावून खुर्चीत शांत बसून दाखवावं.

जपानचं नाव या गोष्टीत कमी का ऐकू येतं?

ते जास्त ऐकू यायला हवं. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा १९७८ पासून संगणकावर ताल बांधून पॉप करत होती आणि ८०८ बाजारात आल्या आल्या ज्यांनी वापरलं त्यांत ते होते. त्यातल्या र्‍यूइची साकामोतोचं १९८० चं 'रायट इन लागोस' आज लावलं तरी नवं वाटतं. शिवाय ज्या यंत्रांवर हाऊस, टेक्नो, ॲसिड, हिप-हॉप उभं राहिलं ती बरीचशी जपानीच होती.

चरणजित सिंग कोण होते?

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९४० चा जन्म, सारी कारकीर्द मुंबईत. बेस, गिटार, कीबोर्ड, जे वाद्य समोर येईल ते वाजवायचे आणि नवं यंत्र दिसलं की त्यांना राहवत नसे. स्टुडिओतलं काम, गाजलेल्या चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या आणि लग्नसमारंभातले कार्यक्रम असा त्यांचा व्यवसाय. अशा शेकडो वादकांच्या बोटांवर हिंदी गाणं उभं राहिलं आणि तबकडीच्या पाकिटावर त्यांतल्या बहुतेकांचं नावही आलं नाही. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईतच ते वारले.

त्यांच्या रेकॉर्डवर आहे तरी काय?

'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे नाव, एचएमव्हीचं प्रकाशन, दहा राग. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक सुमारे पाच मिनिटांचा. १९८० मध्ये 'कुर्बानी'तल्या गाण्याने हिंदी चित्रपटात डिस्कोची लाट आणली होती, आणि सिंग यांना वाटलं की तबला बंद ठेवावा, डिस्कोचा ठोका घ्यावा आणि त्यावर राग वाजवावेत. सिंगापूरहून मिळवलेली नवी कोरी यंत्रं हाताशी होती. तालासाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि रागाच्या सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर. तिन्ही रोलंडची, तिन्ही एकमेकांना तारेने जोडून एकाच ठोक्यावर चालवलेली.

भैरवापासून सुरुवात करा. ठोका चालू झाल्यावर व्होकोडरमधून आलेला, माणसाचा की यंत्राचा ते कळू नये असा आवाज "ओम नमः शिवाय" म्हणतो. खाली ३०३ बुडबुडत राहतं, ८०८ चा ढोल ढळत नाही, आणि वर कोमल रिषभ-कोमल धैवताची ती पहाटेची सुरावट, अधूनमधून जलद तानांसह. आपल्याकडे हे राग ज्यांच्या कानात लहानपणापासून आहेत त्यांना इथे एक फायदा मिळतो. परदेशी श्रोत्याला दहाही तुकडे जवळपास सारखेच वाटू शकतात. आपल्याला मात्र तोच ठोका चालू असताना ललतातले दोन मध्यम शेजारी येतात तेव्हा खोलीतला उजेड बदलल्यासारखं होतं, आणि गाण्याच्या क्लासात अगदी सुरुवातीला शिकवला जाणारा भूप इथे केवढा मोकळा आणि आनंदी झालाय ते लगेच कळतं.

म्हणजे ॲसिड हाऊस मुंबईत जन्मलं?

नाही. अभिमानाने तसं म्हणणारे बरेच भेटतात, आणि त्यांच्या उत्साहाबद्दल मला प्रेमच आहे. पण ॲसिड हाऊस जिथे घडलं त्या शिकागोत ती रेकॉर्ड कोणी ऐकल्याचा काही धागा नाही. इथेही ती खपली नाही.

शिकागोत घडलं ते असं. टीबी-३०३ हे मुळात एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं छोटं यंत्र. खऱ्या बेससारखं ते वाजत नसे, म्हणून गिटारवाल्यांनी पाठ फिरवली आणि १९८४ च्या सुमारास कंपनीने ते बंद केलं. मग ते जुन्या सामानाच्या दुकानांतून स्वस्तात मिळू लागलं. डीजे पिअर आणि त्याच्या फ्यूचर या गटातल्या सोबत्यांनी असंच एक ३०३ घेतलं आणि सुरावट चालू असतानाच त्याची बटणं फिरवत बसले. कटऑफ आणि रेझोनन्स ही सुराचा पोत बदलणारी बटणं फिरवली की आवाज बंद नाकातून आल्यासारखा होतो, मग किंचाळतो, मग परत बुजतो. रॉन हार्डी या डीजेने म्युझिक बॉक्स क्लबमध्ये ते एकाच रात्रीत चारदा वाजवलं असं सांगतात. पहिल्यांदा लोक बाजूला झाले आणि चौथ्यांदा वेडे झाले. १९८७ मध्ये ते 'ॲसिड ट्रॅक्स' नावाने निघालं.

फरक नीट ऐका. 'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये नायक ते बटण आहे. धून जवळजवळ नाहीच. सिंग यांच्याकडे नायक राग आहे आणि ३०३ साथीला. तरीही दोन्ही इतके जवळ का वाटतात? त्याचं उत्तर मला यंत्रात आणि रागात मिळून सापडतं. रागसंगीतात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलत नाहीत. षड्ज ठाम राहतो आणि सगळी हालचाल त्याच्या वर होते. ॲसिड हाऊसमध्येही तेच, एक सूर धरून तासन्‌तास बसायचं. त्यात ३०३ मध्ये स्लाइड नावाची सोय आहे, तिच्यामुळे एक सूर घसरत दुसऱ्यात जातो आणि आपल्या कानाला मींड ऐकू येते. एकच यंत्र दोन अगदी वेगळ्या परंपरांच्या हाती पडलं आणि दोघांनाही त्यात आपल्या घरचं काहीतरी दिसलं. मला हे कुणी आधी केलं या वादापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

सिंग यांची रेकॉर्ड परत सापडली कशी?

एडो बाउमन हे नेदरलँड्सचे संग्राहक. त्यांना २००२ मध्ये दिल्लीच्या एका रेकॉर्डच्या दुकानात ती मिळाली. पुढे मुंबईत येऊन ते सिंग यांना भेटले आणि २०१० मध्ये आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर त्यांनी ती पुन्हा काढली. हा आवाज १९८२ चा आहे यावर अनेकांचा विश्वासच बसेना. आजच्याच कुणीतरी जुन्याचं सोंग घेतलंय अशा वावड्या उठल्या. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन तीच यंत्रं घेऊन मंचावर उभे राहिले, आणि नातवंडांच्या वयाची मुलं तोडी-मालकंसावर नाचली. हे त्यांच्या हयातीत झालं याचा मला फार आनंद आहे.

रागाला डिस्कोचा ठोका लावणं म्हणजे रागाची विटंबना नव्हे का?

रेकॉर्ड ऐकून ठरवा. सिंग यांनी राग सोडलेला नाही. स्वर वर्ज्य तर वर्ज्य, मालकंसात रिषभ-पंचम चुकूनही येत नाहीत. विलंबित आलापाची खोली पाच मिनिटांत येणार नाही, हे खरंच. पण तशी अपेक्षा ठेवणं या रेकॉर्डवर अन्याय होईल. हार्मोनियमही एकेकाळी परकंच होतं.

भारतात आणखी कोणी असं करत होतं?

आनंद शंकर यांच्या १९७० च्या अल्बममध्ये सतारीशेजारी मोग आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मोगचा स्टुडिओ उभा राहिला होता. तिथे झालेली ध्वनिमुद्रणं २०२३ मध्ये प्रथमच बाजारात आली. ती नाचायची नाहीत, प्रयोगांची आहेत, पण १९७० च्या आसपास आपल्याकडे असं काही चालू होतं हे ऐकूनच थक्क व्हायला होतं. रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ' ही १९८२ ची बंगाली रेकॉर्ड कॅनडातल्या कॅलगरीत झाली. तिचं नशीबही चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डसारखंच, तेव्हा दुर्लक्ष आणि २०१९ मध्ये नवं आयुष्य.

गोवा ट्रान्सची मुळं कुठल्या रेकॉर्ड्समध्ये आहेत?

गोव्यात ध्वनिमुद्रित झालेल्या नव्हेत. ऐंशीच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत आधी रॉक वाजायचं. मग लॉरेंट आणि गोवा गिल यांच्यासारख्या डीजेंनी युरोपातलं इलेक्ट्रॉनिक संगीत आणलं, बेल्जियमच्या फ्रंट २४२ सारख्या गटांचं. त्यातलं गाणं काढून टाकायचं, फक्त वाद्यांचे भाग जोडायचे आणि लांबवत न्यायचे. उन्हात आणि खाऱ्या हवेत व्हिनाइल टिकत नाही, म्हणून कॅसेट आणि पुढे डॅट ही डिजिटल टेप. म्हणजे गोवा ट्रान्स ही आधी वाजवण्याची पद्धत होती. त्या नावाच्या रेकॉर्ड्स नव्वदच्या दशकात आल्या. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनी रात्र-रात्र तो आवाज सहन केला, त्याबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही.

'अमेन ब्रेक' या यादीत येतो का?

माझ्या मते येत नाही. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या 'अमेन, ब्रदर'मधला ग्रेगरी कोलमनचा सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा कापून, वेग वाढवून 'जंगल' आणि ड्रम अँड बेस हे नाचाच्या संगीताचे प्रकार बनले. तो कच्चा माल झाला. त्या गाण्यात 'जंगल'ची चाहूल नाही. पण कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला आणि त्या तुकड्याचा त्याला छदामही मिळाला नव्हता, हे प्रत्येक ड्रम अँड बेस ऐकणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

आणि कॅसिओच्या कीबोर्डवरच्या तयार तालाने जमैकाचं रेगे बदललं, हा किस्सा खरा आहे का?

खरा आहे. १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' आलं आणि रेगे एका फटक्यात डिजिटल झालं. त्याचा ताल म्हणजे कॅसिओ एमटी-४० या स्वस्त कीबोर्डमधला 'रॉक' नावाचा तयार ताल, थोडा संथ केलेला. तो ताल बनवला होता हिरोको ओकुदा या कॅसिओत नुकत्याच लागलेल्या तरुणीने. संगीत महाविद्यालयात तिने प्रबंध लिहिला होता तोही रेगेवरच. जमैकाचं संगीत जपानमध्ये जाऊन एका बटणात बसलं आणि परत किंग्स्टनला पोचलं.

सुरुवात कुठून करू आणि कशावर ऐकू?

मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको. ८०८ चा ढोल इतका खाली आहे की तिथे तो ऐकूच येत नाही. बरे हेडफोन किंवा घरातली मोठी सिस्टिम घ्या. आधी 'आय फील लव्ह', मग 'नंबर्स', त्यानंतर 'रायट इन लागोस'. तिथून चरणजित सिंग यांचा भैरव आणि लगेच पाठोपाठ 'ॲसिड ट्रॅक्स', म्हणजे वर सांगितलेला फरक तुमचा तुम्हालाच ऐकू येईल. एखाद्या रात्री तासभर मोकळा असेल तर मानुएल ग्योचिंग या जर्मन संगीतकाराचं 'ई२-ई४' लावा. त्याने डिसेंबर १९८१ मध्ये बर्लिनमध्ये ते एका बैठकीत एकट्याने वाजवलं, १९८४ मध्ये ते बाजारात आलं आणि पुढे १९८९ मध्ये इटलीत त्यातूनच 'सुएन्यो लातिनो' हे हाऊस गाणं झालं. दोनच कॉर्डवर सिंथेसायझर फिरत राहतात आणि अर्ध्या वाटेवर गिटार येते. ते मध्येच थांबवू नका.